न जुळलेलं हाड

लग्नाची तारीख धरली की वरमाई आधी मंजुळाबाईकडे यायची आणि मग मंडपवाल्याकडे जायची. पारोळ्याच्या पुढे, बोरी नदीच्या काठाला तिचं गाव. अमळनेर असो, एरंडोल असो, नाहीतर धुळ्यातलं एखादं मंगल कार्यालय, पुरणाचे मांडे करायचे म्हटलं की तिचंच नाव निघायचं. चुलीवर पालथं घातलेलं मोठं खापर तापलं की ती पुरण भरलेला उंडा उचलायची आणि या हातावरून त्या हातावर झेलत झेलत पसरत न्यायची. बघता बघता तो मांडा दोन्ही कोपरांपर्यंत लांबायचा, पलीकडचा माणूस दिसेल इतका पातळ व्हायचा, आणि खापरावर पडायचा तो सुरकुती न पडता.

चुलीपाशी तिचा नवरा वनाभाऊ असायचा. जाळ सांभाळणं एवढंच त्याचं काम. कपाशीच्या काड्या सारायच्या, मागे ओढायच्या. काम चालू असताना दोघांचं बोलणं फारसं नसायचं. ती नुसतं "कमी" म्हणायची, की तो दोन काड्या बाहेर ओढायचा. घरची चार एकर कोरडवाहू होती, मुलगा प्रेमराज जळगावला डाळ मिलमध्ये मोटारींचं काम बघत होता, सून दिपमाला समजूतदार होती. मांडे ती पोटासाठी करत नव्हती. लोक बोलावत, मान देत, नव्या नवरीची आई तिला हळदीकुंकू लावून पाटावर बसवत, ते तिला आवडायचं.

साखरेचा आजार तिला बारा-तेरा वर्षांपासून होता. गावात डोळे तपासायचं शिबिर आलं होतं, तिथे कळलं. तेव्हापासून ती बिनसाखरेचा चहा पीत होती आणि गोळ्या घेत होती. मांडे करायची, पण खायची नाही. फार तर कडेचा तुकडा मोडून तोंडात टाकायची. तरी साखर काही धड खाली यायची नाही. तळपाय बधिर झाले होते. चालताना एका पायातली चप्पल निघून मागे राहायची आणि तिला पत्ता नसायचा. मागून वनाभाऊ ती उचलून आणायचा आणि दोघं हसायची.

गेल्याच्या गेल्या वर्षी, वैशाखात, अमळनेरला एका लग्नात ती मांडे करता करता खाली बसली. अंगाला घाम सुटला होता. तो तर चुलीपाशी सगळ्यांनाच सुटतो. पण तिचे ओठ पांढरे पडले होते आणि श्वास पुरत नव्हता.

"काय व्हस तुले? छातीमा दुखस का?" वनाभाऊने विचारलं.

"काहीच दुखत नही. ऊन लागनं व्हई," ती म्हणाली. पाणी प्यायली, थोडं टेकली आणि उरलेले मांडे करूनच उठली.

दुसऱ्या दिवशी तिला न्हाणीघरापर्यंत जातानाही दम लागायला लागला. मग वनाभाऊने तिला पारोळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, ती दोनदा पाहिली आणि विचारलं, "यांना हार्ट अटॅक येऊन गेलाय. कधी आला होता?"

मंजुळाबाई हसली. "माले तं काहीच समजनं नही."

डॉक्टर म्हणाले, "समजणार नाही, काकू. साखरेने जसे पाय बधिर झाले ना, तशीच आतली दुखण्याची जाणीवही कमी होते. दुसऱ्याला जी कळ सहन होत नाही, ती तुम्हाला कळलीच नाही."

तिथून त्यांनी धुळ्याला पाठवलं. धुळ्याला नळी घालून तपासणी झाली आणि हृदयाच्या तिन्ही रक्तवाहिन्या अरुंद निघाल्या. ऑपरेशन जळगावला करायचं ठरलं, कारण प्रेमराजचं घर तिथे होतं. सरकारी योजनेत ते बसलं, त्यामुळे पैशाची काळजी नव्हती. काळजी दुसरी होती. मंजुळाबाईला काही दुखतच नव्हतं. चार दिवस पडून राहिली तर दमही लागत नव्हता. न दुखणारी छाती उघडायची कशाला, हे तिला पटत नव्हतं.

सर्जन डॉक्टर वयाने फार मोठे नव्हते, पण घाईत बोलणारे नव्हते. त्यांनी तिघांनाही बसवून घेतलं.

प्रेमराजने विचारलं, "सर, स्टेंट टाकून नाही भागणार? आमच्या मिलमध्ये एकाला टाकला. आठवड्याने कामावर आला."

"त्यांना साखर होती?"

"नाही."

"तिथेच फरक पडतो. साखर असली की रक्तवाहिनी एका जागी अडत नाही, लांबच्या लांब खराब होत जाते. स्टेंट टाकला तर आज बरं वाटेल, पण पुन्हा अडायची भीती यांना जास्त. साखर आणि तिन्ही वाहिन्या खराब, अशा माणसाला बायपासने पुढची वर्षं जास्त मिळतात. माझी आई असती तरी मी हेच सांगितलं असतं." मग ते म्हणाले, "आता दुसरी बाजू ऐका. छातीचं हाड मधोमध कापून आत जावं लागतं. नंतर ते तारेने बांधतो. बहुतेकांचं जुळतं. थोड्यांचं जुळत नाही, तिथे जंतू धरतात. ज्यांना साखर आहे, ते त्या थोड्यांत सापडायची शक्यता जास्त असते."

"थोडा म्हंजे किती?" वनाभाऊने विचारलं.

"शंभरात दोन-चार."

शंभरात दोन-चार म्हणजे काहीच नाही, असं तिघांनाही वाटलं. कुणालाही वाटलं असतं.

मंजुळाबाईने एकच गोष्ट विचारली, "मंग मना हात चालतीन ना?"

"तीन महिने वजन उचलायचं नाही. मग सगळं करा," डॉक्टर म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. बहुतेकांचं तसंच होतं.

त्यांनी घाई केली नाही. आधी इन्सुलिन सुरू करून साखर खाली आणली, दात तपासले, पायांची कातडी तपासली, सगळं नीट आहे असं पाहिलं आणि मगच तारीख दिली. डाव्या पायातली शीर काढून हृदयाला जोडली. ऑपरेशन चांगलं झालं. संध्याकाळी डॉक्टर स्वतः बाहेर येऊन सांगून गेले.

त्याच दिवशी मुक्ताईनगरकडच्या जीवराम आबांचंही ऑपरेशन झालं होतं. केळीचे बागायतदार, वय सत्तरीच्या पुढे, आणि उभा जन्म बिडी ओढलेली. पण साखर नव्हती. त्यांची बायको बेबाबाई आणि वनाभाऊ बाहेरच्या बाकावर शेजारीशेजारी बसायचे. बेबाबाई डब्यातली भाकरी वनाभाऊला द्यायची, वनाभाऊ त्यांच्यासाठी चहा आणायचा. अतिदक्षता विभागातून बाहेर आल्यावर दोन्ही पेशंटना व्हरांड्यात चालवत. छातीला पट्टा, खोकला आला की छातीशी धरायला उशी. जीवराम आबा समोरून येताना म्हणायचे, "मंजुळाबाई, लवकर बऱ्या व्हा. आमच्या बागेत या, केळी खायला." मग जीभ चावायचे. "अरे हो, तुम्हाला केळी चालत नाही." मंजुळाबाईला हसू यायचं, पण हसताना छाती दुखायची, म्हणून ती उशी धरून हसायची.

दोघांना एकाच आठवड्यात घरी सोडलं.

ती प्रेमराजकडे राहिली. दिपमालाने सासूचं सगळं नीट केलं. वेळच्या वेळी इन्सुलिन, उकळलेलं पाणी, धुतलेली चादर. दोन आठवडे बरे गेले. मग एका दुपारी दिपमाला तिचा ब्लाउज धुवायला घेत होती, तेव्हा तिला मधोमध पिवळट डाग दिसला. जखमेच्या खालच्या टोकाला एक थेंब होता. पुसला, तर पुन्हा आला. संध्याकाळी मंजुळाबाई कुशीवर वळली आणि छातीत 'कट' असा आवाज झाला. तिला दुखलं नाही. पण तो आवाज खोलीतल्या सगळ्यांनी ऐकला.

वनाभाऊ म्हणाला, "काय वाजनं?"

ती म्हणाली, "मीच वाजनू."

दवाखान्यात डॉक्टरांनी दोन बोटं छातीवर ठेवून तिला खोकायला सांगितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. हाड जुळलेलं नव्हतं. आत जंतू धरले होते. पुन्हा भूल द्यावी लागली, तारा काढाव्या लागल्या, खराब झालेलं हाड खरवडावं लागलं. जखम उघडीच ठेवून तिच्यावर स्पंज बसवला आणि त्यातून घाण ओढून घेणारं एक यंत्र लावलं. ते दिवसभर हळू आवाजात गुरगुरत राहायचं. पायाची जखमही, जिथून शीर काढली होती तिथे, कडेने काळी पडली. इंजेक्शनं बदलली. एकदा साखर वाढायची, एकदा एकदम खाली जायची. ती खाली गेली की मंजुळाबाई असंबद्ध बोलायची, आणि वनाभाऊ नर्सला हाका मारत धावायचा.

त्या दिवसांत वनाभाऊला करण्यासारखं काही नव्हतं. आयुष्यभर त्याने तिच्या एका शब्दावर काम केलं होतं, आणि आता ती काही सांगत नव्हती. तो औषधं आणायचा, बाटल्या धुवायचा, आणि उरलेल्या वेळात चूक शोधायचा. घरी जाताना रिक्षा खड्ड्यात आदळली होती, तेव्हा झालं असेल. पहिल्या आठवड्यात ती एकदा हातावर जोर देऊन उठली होती, तेव्हा झालं असेल. एका नर्सने हातमोजे न घालता पट्टी बदलली होती, असं त्याला वाटत होतं, पण नक्की आठवत नव्हतं. एके दिवशी त्याने डॉक्टरांना व्हरांड्यात गाठलं.

"साहेब, मी भांडायला नाही आलो. फक्त सांगा, चूक कोणाची झाली? आमची झाली असेल तर आमची म्हणा."

डॉक्टर भिंतीला टेकले. म्हणाले, "भाऊ, मीही तेच शोधतोय. सगळं पुन्हा तपासलं. त्याच दिवशी, त्याच खोलीत, त्याच हातांनी दुसरं ऑपरेशन केलं, ते आबा बरे झाले. तुमच्या घरच्यांनी सगळं नीट पाळलं. इतकी वर्षं साखर होती, बारीक रक्तवाहिन्या आतून गेलेल्या असतात. हाडाला, कातडीला रक्तच पोचत नाही. आम्ही शिवतो, पण जुळवायचं काम शरीराला करावं लागतं."

"म्हणजे कोणाचीच नाही?"

"कोणाचीच नाही."

वनाभाऊला वाटलं होतं, उत्तर मिळालं की छातीवरचं ओझं उतरेल. उतरलं नाही. एखाद्यावर राग काढता आला असता तर त्याला सोपं गेलं असतं. तो परत येऊन खाटेशेजारी बसला. मंजुळाबाई जागी होती.

"तुमी काय शोधी राह्यनात येवढा दिनपासून?" तिने विचारलं.

"काहीच नही."

"मंग बसा आठे."

पुढे छातीचे स्नायू दोन्ही बाजूंनी सोडवून मध्ये ओढले आणि जखम बुजवली. ती भरायला फार दिवस लागले, पण भरली. ताप गेला. पायाची जखमही शेवटी कोरडी पडली, फक्त त्या पायाची करंगळी कापावी लागली. दवाखान्यातून सुटायच्या आधी हृदयाची सोनोग्राफी झाली, आणि त्या दिवशी डॉक्टर कितीतरी दिवसांनी मनापासून हसले. त्यांनी पडदा तिच्याकडे वळवून दाखवला. "बघा आई, किती छान चाललंय. जोडलेल्या तिन्ही वाहिन्या चालू आहेत. तुमचं हृदय आता माझ्यापेक्षा बरं आहे."

मंजुळाबाई त्या हलणाऱ्या करड्या चित्राकडे पाहत राहिली. डॉक्टर गेल्यावर वनाभाऊला म्हणाली, "बठ्ठं चांगलं शे म्हनस डाक्टर. मंग मी आशी का शे?"

ती गावी परतली. छातीच्या मधोमध आता हाड नव्हतं, नुसतं मांस होतं. खोकला आला की तिथली कातडी आत-बाहेर व्हायची. हात खांद्याच्या वर जात नव्हते. ताटातला घास तोंडापर्यंत यायचा, पण केस विंचरता येत नव्हते, पदर डोक्यावर घेता येत नव्हता, लुगड्याचा काष्टा मारता येत नव्हता. तिला गाऊन घालायला लागायचा, आणि गाऊन घालून ती ओट्यावर येत नसे.

केस वनाभाऊ विंचरायला लागला. पहिल्या दिवशी त्याने फणी मुळापासून ओढली आणि ती कळवळली. मग तो टोकापासून शिकला. अंबाडा मात्र त्याला जमत नव्हता. गाठ एका बाजूला जायची आणि दुपारपर्यंत सुटायची. आरशात पाहून ती एकदा म्हणाली, "कापी टाका."

"काय?"

"केस. कापी टाका. रोजनी कटकट नको."

त्याने पुन्हा फणी घेतली आणि तो पुन्हा बांधायला लागला. ती रडत होती. त्याला मागून दिसत नव्हतं, पण खांदे हलत होते, आणि खांदे हलले की छाती हलते आणि छाती हलू द्यायची नाही, एवढंच त्याला ठाऊक होतं. "रडू नको," तो म्हणाला. "डाक्टरनी सांगेल शे."

जीवराम आबांचा फोन अधूनमधून यायचा. वनाभाऊ उचलायचा नाही. एकदा त्यांनी मोबाईलवर चित्रफीत पाठवली. केळीच्या बागेत ते पाण्याची नळी ओढत होते आणि बेबाबाई मागून ओरडत होती, "अहो, हळू!" वनाभाऊ ती पाहत असताना मंजुळाबाईने हात पुढे केला. तिने ती शेवटपर्यंत पाहिली.

"यासले साखर नही ना?"

"नही."

"मंग बरं शे," ती म्हणाली आणि मोबाईल परत दिला. तिच्या आवाजात कडूपणा नव्हता. वनाभाऊने तो शोधला, पण नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून आबांना फोन लावला आणि ती बरी आहे असं सांगितलं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आधी बायका यायला लागल्या. काहींना ठाऊक नव्हतं, काहींना ठाऊक असून आशा होती. "मावशी, तुम्ही नुसत्या बसा. सांगा फक्त." ती एका ठिकाणी गेलीही. शेजारच्या गावची शेवंताबाई, जी पूर्वी तिच्या हाताखाली उंडे भरायची, ती खापरावर होती. मंजुळाबाईला खुर्ची दिली होती. शेवंताबाईचा पहिला मांडा मध्येच फाटला, दुसराही फाटला. मंजुळाबाईचे हात आपोआप उठले आणि छातीपाशी येऊन थांबले. तिथे अशी ओढ बसली की तिने डोळे मिटले. शेवंताबाई घाबरून उठली.

"काकू, मी नही करस. राहू द्या."

"कर," मंजुळाबाई म्हणाली. "तुले जमस. घाई नको करू."

पाचव्या-सहाव्या मांड्याला शेवंताबाईचा हात बसला. मंजुळाबाईने तो मांडा पाहिला, चांगला आहे म्हणाली, आणि मग वनाभाऊला हळूच सांगितलं, "घर चाला." त्यानंतर ती कुठे गेली नाही. खापर तिने शेवंताबाईलाच देऊन टाकलं.

मागच्या महिन्यात ती तपासणीसाठी गावातल्या एकाच्या मोटारीने जळगावला गेली होती. मिलमध्ये काम जोरात होतं, त्यामुळे प्रेमराज त्यांना दवाखान्यात सोडून लगेच गेला. तपासणी चांगली झाली. हृदय उत्तम. साखर मात्र अजून वर, आणि आता मूत्रपिंडावर थोडा ताण दिसतोय, त्यासाठी एक गोळी वाढवली. सहा महिन्यांनी या म्हणाले.

स्टँडवर पारोळ्याची एसटी लागली. दाराशी गर्दी होती, ती ओसरली. मंजुळाबाईने एक पाय पायरीवर ठेवला. वर चढायचं तर दांडा धरून अंग ओढावं लागतं, आणि तेच तिला चालत नव्हतं. कंडक्टरने वाकून हात पुढे केला. "द्या मावशी, हात द्या."

"हात ओढता येत नाही तिचा," वनाभाऊ म्हणाला. "छातीचं ऑपरेशन झालंय."

मागून कॉलेजच्या एका मुलीने तिच्या कमरेला आधार दिला. मंजुळाबाईने जोर लावला, पाय थरथरायला लागला, आणि ती तशीच अर्धी वर, अर्धी खाली उभी राहिली. आतले लोक वाकून पाहत होते. "नको," ती म्हणाली, "उतारा माले." मुलीने आणि वनाभाऊने तिला खाली घेतलं. कंडक्टर क्षणभर थांबला, मग त्याने घंटी मारली.

ती दोघं बाकावर बसली. वनाभाऊने प्रेमराजला फोन लावला. तो उचलला गेला नाही, मिलच्या आवाजात ऐकूच आला नसेल. स्टँडवर ऊन चढत होतं. वनाभाऊने तिला पाण्याची बाटली उघडून दिली. मग त्याने ते विचारलं, जे तो इतके महिने विचारत नव्हता.

"तवय नही म्हनाले पाहिजे व्हतं का आपन?"

तिने विचार केला. खरंच केला. समोरून एक गाडी वळून दुसऱ्या फलाटाला लागली.

"माले माहीत नही," ती म्हणाली. "नही म्हनतूत तं कदाचित मी राहतीच नही. आनी हो म्हननूत तं मी आशी शे. तुमले माहीत शे का?"

"माले बी नही."

"मंग पानी पी ल्या," ती म्हणाली, आणि बाटली त्याच्याकडे सरकवली.

पारोळ्याची पुढची गाडी लागली. तिचीही पायरी तेवढीच उंच होती. वनाभाऊने पिशवी खांद्याला अडकवली, तिला बसून राहायला सांगितलं, आणि गाडी फलाटाच्या कट्ट्याला चिकटवून लावता येईल का, हे ड्रायव्हरला विचारायला तो गेला.